ग्राफीन म्हणे! पण थर किती, आणि ते मोजले कुणी?

कोल्हापुरात सध्या कुठल्याही कार डिटेलिंगच्या दुकानात जावा, रेटकार्डावर सिरॅमिक कोटिंगच्या खाली 'ग्राफीन कोटिंग' लिहिलेलं असतंयच, आणि रेट अर्थातच त्याचा जास्त. ई-बाईकवाला 'ग्राफीन बॅटरी' म्हणतोय, इंजिन ऑइलमध्ये ओतायची ग्राफीनची बाटली ऑनलाइन मिळते, शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना ग्राफीन पावडर विकणाऱ्यांचे फोन येतात. शब्द सगळ्यांचा एकच: ग्राफीन, म्हणजे पेन्सिलीतल्या ग्राफाइटाचा अणूभर जाडीचा सुटा थर. पण त्यात एका थराचं ग्राफीन आहे, पाच थरांचं आहे का पन्नास थरांचं, असं विचारलं की समोरचा एकतर "नॅनो आहे साहेब" म्हणतो नाहीतर वॉरंटीवर घसरतो. खरं तर सगळा खेळ त्या एका आकड्याचा आहे, आणि तो आकडा काढायचा कसा ह्यावर जगभरच्या लॅबनी वीस वर्षं डोकं घातलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ग्राफाइट बघू

ग्राफाइट आपल्या गावाला नवीन नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडं ग्रे आयर्न ओततात, आणि त्या लोखंडातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पाकळ्या होऊनच बसलेला असतो. सॅम्पल कापायचं, एमरी पेपरवर घासत जायचं, शेवटी कापडाच्या व्हीलवर पॉलिश करायचं आणि मायक्रोस्कोपखाली १०० पट मोठं करून बघायचं. पांढऱ्या चकचकीत लोखंडात काळ्या, वाकड्यातिकड्या, टोकाला निमुळत्या रेघा दिसतात, त्याच ग्राफाइटच्या पाकळ्या. लॅबवाला ह्या रेघा तक्त्याशी ताडून टाइप आणि साइज लिहून देतो आणि कास्टिंग पास का रिजेक्ट ते ठरतं.

आता त्यातल्या एका बारीक रेघेत अजून आत शिरलो तर काय दिसेल? कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले, अशी एक जाळी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. जाळीच्या आतली पकड जबरदस्त, पण एका जाळीची दुसरीवरची पकड ढिली, म्हणून जाळ्या एकमेकींवरून सरकतात, आणि म्हणूनच पेन्सिल कागदावर उमटते आणि ग्राफाइट वंगण म्हणून चालतं. दोन जाळ्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हिशोब केला तर एक मिलिमीटर ग्राफाइटात साधारण ३० लाख थर बसतात, आणि मायक्रोस्कोपखालची ती रेघ नुसती एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरली तरी तिच्यात ३,००० थर झाले.

ह्यातला सुटा केलेला एक थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह ह्यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलून सोलून हा थर वेगळा काढून दाखवला आणि २०१० चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. चिकटपट्टीची गोष्ट सगळे सांगतात. पण असा एखादा थर पेन्सिलीच्या प्रत्येक फराट्यात चुकूनमाकून सुटत असणारच, अडचण होती ती तो सापडायची. हजारो जाड तुकड्यांच्या कचऱ्यात एक अणूभर जाडीचा तुकडा कुठं पडलाय हे ओळखता आलं, म्हणून पुढचं सगळं झालं. म्हणजे थर मोजायची भानगड ग्राफीनच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

एक काय आणि दहा काय, असा काय फरक पडतोय?

पडतोय, आणि लई पडतोय. एका थरात इलेक्ट्रॉन असे पळतात की जणू त्यांना वजनच नाही. दोन थर नीट एकमेकांवर बसले की लगेच इलेक्ट्रॉनचं वागणं बदलतं, त्यांना वजन असल्यासारखं होतं, आणि वरून-खालून व्होल्टेज लावून त्यात बँड गॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी एनर्जीची फट) उघडता येते, म्हणजे स्विच करायची सोय होते, जी एका थरात अशी होत नाही. आणि हेच दोन थर १.१ अंशानं पिळून ठेवले आणि खूप थंड केले तर त्यातनं करंट बिनविरोध जातो, हे २०१८ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये दिसलं. तीनचं वागणं आणखी वेगळं. वाढत वाढत दहाच्या आसपास गेलं की ते जवळजवळ ग्राफाइटासारखंच वागायला लागतं.

बॅटरीवाल्यांना ज्याचं कौतुक असतं ते क्षेत्रफळ घ्या. सुट्या एका थराचं दोन्ही बाजूंचं मिळून क्षेत्रफळ ग्रॅमला २,६३० चौरस मीटर येतं. दोन थर चिकटले की मधल्या बाजू झाकल्या गेल्या, क्षेत्रफळ निम्मं. दहा थरांना दहावा हिस्सा. बाटलीवर 'प्रचंड सरफेस एरिया' छापताना नेहमी पहिलाच आकडा छापतात, हा भाग वेगळा.

ह्या गोंधळामुळं २०१७ मध्ये आयएसओनं, म्हणजे जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, व्याख्या ठरवून दिल्या: ग्राफीन म्हणजे एकच थर, दोन थरांचं ते बायलेयर, आणि ३ ते १० थरांचं ते फ्यू-लेयर ग्राफीन. कागदावर सगळं स्पष्ट आहे. पण त्यासाठी आधी मोजता तर आलं पाहिजे.

अणूभर जाडीचा थर डोळ्याला दिसेलच कसा?

दिसतो! साधा ऑप्टिकल मायक्रोस्कोप पुरतो, फौंड्रीच्या लॅबमध्ये असतो तसला सुद्धा. ग्राफीनचा एक थर त्याच्यातनं जाणाऱ्या उजेडातला २.३ टक्के उजेड खातो. एका अणूच्या जाडीला हे प्रमाण भलतंच जास्त आहे, आणि दोन थरांना त्याच्या साधारण दुप्पट, तीनला तिप्पट असं चढत जातं. तरीपण काचेवर ठेवून एवढा बारीक फरक पकडणं अवघड, म्हणून एक युक्ती करतात.

चिकटपट्टीवरचे तुकडे सिलिकॉनच्या चकतीवर उतरवतात आणि त्या चकतीवर ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन ऑक्साइडचा लेप असतो. लेपाच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला उजेड आणि खालच्या पृष्ठावरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतात, काही रंग उठतात, काही मरतात, म्हणून चकती जांभळट दिसते (पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात ऑइल सांडलं की जे रंग दिसतात ते ह्याच कारणानं). आता वर ग्राफीन आलं की हा मेळ किंचित बिघडतो आणि तेवढा तुकडा आजूबाजूपेक्षा थोडा गडद दिसतो. एक थर म्हणजे अगदी फिकट सावली, दोन थर त्याहून गडद, असं पायरीपायरीनं वाढत जातं, आणि पार जाड तुकडे निळे नाहीतर पिवळे चमकतात. सवय झालेला पोरगा लेन्समधनं बघून "हा एक, हा तीन" असं बोलून मोकळा होतो. हिरवा फिल्टर लावला तर फरक आणखी उठून दिसतो.

पण ही युक्ती फार नाजूक आहे. लेप ३०० च्या ऐवजी ३१५ नॅनोमीटर झाला, म्हणजे फक्त ५ टक्क्यांचा फरक, तर एक थर पूर्ण गायब होऊ शकतो, हे गाइम आणि नोव्होसेलोव्ह ह्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि गडदपणावरनं आकडा काढायचा तर त्याच चकतीवर आधी खात्रीचा एक थर सापडलेला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मग सरळ जाडी मोजा की राव

हा प्रश्न हमखास येतो. जाडी मोजायची, ०.३३५ नं भागायचं, झालं. त्यासाठी एएफएम नावाचं यंत्र आहे, अगदी अणकुचीदार सुई सॅम्पलवरून फिरवतात आणि सुई किती वरखाली झाली ते मोजतात. नॅनोमीटरच्याही खालचा उंचवटा त्याला कळतो.

गंमत अशी की एक थर मोजायला गेलं की आकडा ०.३३५ येतच नाही. कधी ०.४ येतो, कधी १, कधी त्याच्याही वर. कारण थराच्या खाली हवेतल्या दमटपणाची पाण्याची फिल्म अडकलेली असते, थर चकतीला पूर्ण टेकत नाही, आणि सुईची चकतीशी ओढ वेगळी, ग्राफीनशी वेगळी. मग १ नॅनोमीटर आला तर तो एकच थर समजायचा का तीन? नुसत्या आकड्यावरनं कळायला मार्ग नाही. त्यातल्या त्यात भरवशाची जागा म्हणजे तुकड्याची कुठं घडी पडली असेल ती, कारण तिथं ग्राफीनवर ग्राफीन असतं आणि पायरीची उंची बरोबर लागते. एका थरावरून दुसऱ्या थरावर चढतानाही नीट येते. गडबड करतो तो सगळ्यात खालचा थर.

शिवाय एएफएम चालतंही हळू, एक छोटा चौकोन मोजायला बराच वेळ खातं. एका तुकड्याला ठीक, किलोभर पावडरीला काय उपयोग.

रामन सरांची करामत

ह्या कामातलं सगळ्यात वापरलं जाणारं हत्यार आपल्या देशातलं आहे. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात सी. व्ही. रामन ह्यांनी जो परिणाम शोधला, ज्यासाठी त्यांना १९३० चं नोबेल मिळालं आणि ज्या तारखेला आपण शाळेत विज्ञान दिन करतो, त्याच्यावरच हे चालतं.

सॅम्पलवर हिरवा लेझर टाकायचा. परत येणारा जवळजवळ सगळा उजेड त्याच रंगाचा असतो, पण त्यातला फार थोडा, कोटीत एखादा कण धरा, अणूंच्या जाळीला हलवून येतो. हलवण्यात त्याची थोडी एनर्जी खर्च होते आणि तो किंचित लालकडं सरकतो. किती सरकला ते मोजलं की जाळी कुठल्या कुठल्या वेगानं थरथरते ते कळतं. ग्राफवर ह्या थरथरीचे उंचवटे येतात, त्यांना पीक म्हणतात. ग्राफीनच्या बाबतीत दोन बघायचे: १५८० च्या आसपास असतो तो जी पीक आणि २७०० च्या आसपास असतो तो टू-डी पीक. (हे आकडे एका सेंटिमीटरमागं किती लहरी ह्या मापातले आहेत, ते डोक्यात नाही ठेवलं तरी चालेल.)

सगळी माहिती टू-डीच्या आकारात आहे. एकटा हलगीवाला वाजवतो तेव्हा प्रत्येक ठोका टणकन सुटा ऐकू येतो, चौघं वाजवायला लागले आणि एकमेकांच्या जरा पुढंमागं झाले की ठोका तोच पण पसरट होतो. एका थराचा टू-डी पीक तसा एकट्याचा असतो: एकच, उंच, टोकदार, सुमारे २५ ते ३० रुंदीचा, आणि सॅम्पल स्वच्छ असेल तर जी पीकच्या दुपटीहून उंच. दोन थर झाले की इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या पट्ट्या एकाच्या दोन होतात, त्यांच्यात जोड्या लावायच्या चार वाटा निघतात, म्हणून पीकच्या पोटात चार छोटे पीक एकमेकांवर चढलेले असतात आणि एकूण रुंदी ५० च्या घरात जाते. तीन थरांना आणखी गुंता. आणि पाचच्या पुढं गेलं की आकार ग्राफाइटाच्या इतका जवळ जातो की सहा का नऊ हे ह्या पीकवरनं सांगणं मुश्किल. केंब्रिजच्या आंद्रेआ फेरारी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००६ मध्ये हे सगळं मांडलं आणि तेव्हापासून ग्राफीन म्हणलं की रामनचा ग्राफ दाखवा असा जवळजवळ नियमच झालाय.

१३५० ला अजून एक पीक येतो, डी पीक. त्याचा थरांशी संबंध नाही, तो जाळीतल्या दोषांचा. फाटलेली जाळी, कडा, मधे घुसलेला ऑक्सिजन असलं काही असेल तर हा उठतो. स्वस्तातल्या पावडरीच्या ग्राफात डी पीक जीच्या बरोबरीनं उभा असेल तर ते बहुतेक ग्राफीन ऑक्साइड नाहीतर त्याच्यातनं काढलेला माल असतो. तो वाईट असतो असं नाही, त्याचेही उपयोग आहेत, पण नोबेलवाल्या ग्राफीनचे गुण सांगून तो विकायचा म्हणजे जरा अतिच.

रामन केलं म्हणजे शंभर टक्के खात्री ना?

नाही. वरचं सगळं खरं ठरतं ते थर ग्राफाइटात असतात तसे शिस्तीत बसले असतील तेव्हा. तांब्याच्या पत्र्यावर मिथेन वायूतनं ग्राफीन वाढवतात, त्याला सीव्हीडी म्हणतात, आणि त्यात किंवा नंतर एकावर एक उचलून ठेवलेल्या थरांत वरचा थर खालच्याला वाटेल त्या कोनात फिरलेला असतो. असं झालं की दोन थर एकमेकांना फारसे ओळखच दाखवत नाहीत आणि टू-डी पीक दोन थर असूनही एकटाच येतो, फक्त जरा रुंद. तो ग्राफ बघून कुणी छातीठोकपणे 'सिंगल लेयर' लिहून दिलं तर फसगत.

पीकच्या उंचीच्या गुणोत्तरावर पण फार विसंबू नये. खालच्या पदार्थानं किंवा हवेनं ग्राफीनमध्ये थोडे जास्तीचे चार्ज सोडले तरी टू-डी खाली बसतो, थर तेवढेच असले तरी. शिवाय लेझरचा ठिपका साधारण एक मायक्रॉनचा असतो, त्याच्या खाली अर्धा भाग एक थराचा आणि अर्धा तीनचा असेल तर यंत्र सरासरी काढून तिसरंच काहीतरी दाखवणार.

ह्याच्यावर एक छान तोड २०१२ मध्ये निघाली. थर एकमेकांवर सरकतात हे आपण वर बघितलं, तर त्या सरकण्याचीच थरथर मोजायची. ती फार संथ असते, दोन थरांना ३१ आणि ग्राफाइटाला ४३ च्या आसपास, आणि मधल्या प्रत्येक संख्येला ठरलेला आकडा आहे. एका थराला ही थरथर नसतेच, सरकणार कुणावरनं? फक्त हा सिग्नल लेझरच्या स्वतःच्या झगमगाटाच्या अगदी अंगाला चिकटून येतो, त्यामुळं खास फिल्टर लागतात आणि साध्या रामन मशीनवर तो दिसत नाही.

ह्या सगळ्यांच्या वर टीईएम आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनचा मायक्रोस्कोप, ज्यात दुमडलेल्या कडेवर एका थराची एक काळी रेघ दिसते आणि ती बोटानं मोजता येते. वाद मिटला. पण मोजली ती एक कड. सॅम्पल बनवायला वेळ जातो, आणि इलेक्ट्रॉनचा मारा जरा वाढला, ८० किलोव्होल्टच्या वर गेला, की कार्बनचे अणूच जाळीतनं उडायला लागतात.

म्हणून चांगल्या लॅबमध्ये एकाच पद्धतीवर कुणी सही करत नाही. आधी मायक्रोस्कोपनं तुकडा हुडकायचा, मग रामन, शंका आली तर एएफएम नाहीतर टीईएम.

आणि डब्यातल्या पावडरीचं काय?

आतापर्यंत बोललो ते एकेका तुकड्याबद्दल. डब्यात असे कोट्यवधी तुकडे, काही दोन थरांचे, काही दोनशे, त्यातले काही वाळताना पुन्हा एकमेकांना चिकटलेले. ह्यातला एक चांगला तुकडा निवडून त्याचा सुंदर रामन ग्राफ ब्रोशरवर छापणं काही अवघड नाही.

२०१८ मध्ये सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जगभरातल्या ६० कंपन्यांचा माल तपासला. दहा थरांपर्यंतचं सगळं ग्राफीन म्हणून धरलं, म्हणजे सवलत देऊनच मोजलं. तरी बहुतेक कंपन्यांच्या मालात ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघालं आणि ५० टक्क्यांच्या वर एकही कंपनी गेली नाही. बाकीचं काय? बारीक दळलेलं ग्राफाइट.

पावडरीला सगळ्यात सोपी चाळणी एक्सआरडीची. एक्स-रे टाकला की रचून ठेवलेल्या थरांमुळं २६.५ अंशाच्या आसपास एक पीक येतो, तो सुईसारखा टोकदार असेल तर समजायचं गठ्ठे जाड आहेत. दुसरी बीईटी, म्हणजे पावडर किती गॅस अंगाला धरते त्यावरनं क्षेत्रफळ काढायचं. हिशोब घरबसल्या करता येतो: २,६३० ला रिपोर्टमधल्या आकड्यानं भागायचं. रिपोर्ट म्हणाला ग्रॅमला ५० चौरस मीटर, तर सरासरी पन्नासेक थर झाले. ५०० म्हणाला तर पाचेक. जाळीला भोकं असतील किंवा तुकडे लगद्यासारखे चिकटले असतील तर हा आकडा इकडंतिकडं होतो, पण पन्नासचा माल पाचचा म्हणून विकत असतील तर तेवढं नक्की कळतं.

"पण माझी गाडी चमकत्या, पाणी टिकत नाही, मग बास की!"

बास आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त पाणी थेंबाथेंबानं घरंगळतंय ह्यावरनं आत ग्राफीन आहे हे सिद्ध होत नाही, ते काम कोटिंगमधलं सिलिकॉनवालं रसायन एकटंही करतं. कोटिंग पारदर्शक आहे म्हणून एकच थर असणार हा युक्तिवाद पण ऐकलाय. ते पारदर्शक आहे कारण कार्बन त्यात चिमूटभर आहे. एक मायक्रॉन जाडीचं सलग ग्राफाइट गाडीवर बसवलं तर खालचा रंग कुठला ते आरटीओला पण कळणार नाही.

फौंड्रीवाल्यांनी जास्त पैसे मोजायच्या आधी काम काय आहे ते बघावं. मोल्डला मारायचा काळा वॉश असो नाहीतर वंगण, तिथं थरांवर थर सरकणारं साधं ग्राफाइटच हवं असतं आणि ते पूर्वीपासून चालतंय. प्लास्टिकमध्ये मिसळून करंट न्यायचा असेल, बॅटरीच्या प्लेटला लावायचं असेल, सेन्सर करायचा असेल तर मात्र थरांचा प्रश्न येतो. तिथं सप्लायरकडं त्याच बॅचचा रिपोर्ट मागावा, एका तुकड्याचा नको, पन्नास-शंभर तुकडे मोजून किती टक्के किती थरांचे असा तक्ता पाहिजे, सोबत बीईटी आणि एक्सआरडी. २०२१ पासून असल्या पावडरी कशा तपासायच्या ह्याची आयएसओची पद्धत पण आहे, आयएसओ २१३५६, नंबर सांगून विचारता येईल. "ते कॉन्फिडेन्शियल आहे" असं उत्तर आलं तर शंभर ग्रॅम सॅम्पल मागून विद्यापीठाच्या इन्स्ट्रुमेंट लॅबमध्ये फी भरून एक्सआरडी करून घ्यावा, ऑर्डरच्या रकमेपुढं ती फी किरकोळ असते.